फळ्यावरचा पाऊस

कवडदऱ्यात पाऊस दोनदा पडतो. एकदा आभाळातून, आणि दुसऱ्यांदा सकाळी साडेआठ वाजता मारुतीच्या पारावरच्या काळ्या फळ्यावर. आभाळातल्या पावसाबद्दल गावात दहा मतं असतात. वरच्या आळीत लई झाला, खालच्या आळीत नुसता शिंतोडला, मळ्यात तर ढेकूळसुद्धा भिजलं नाही. फळ्यावरच्या पावसाबद्दल मात्र कुणी ब्र काढत नाही, कारण तो रखमाजी आबांनी लिहिलेला असतो.

आता हे गाव कुठे, तर पाथर्डी तालुक्याच्या कडेला, गर्भगिरीच्या डोंगराच्या पाठीशी. ढग येतात, डोंगराच्या पलीकडे ओझं उतरवतात आणि इकडे रिकाम्या हातानं येतात. जून-जुलैत नुसता वारा. पाऊस म्हणावा असा येतो तो पोळा झाल्यावर, पूर्वा-उत्तरा नक्षत्रांत, आणि कधीकधी तेव्हाही येत नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या अर्धं गाव दसऱ्यानंतर ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायचं. कोल्हारच्या बाजूला, प्रवरेच्या काठावर, जिथं पाण्याची किंमत कुणाला नाही असं इथल्या बायका म्हणतात.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गावातली माणसं एसटी करून राळेगणसिद्धी बघून आली. आली ती पेटूनच. डोंगराला चर खणले, नाल्यावर बांध घातले, आणि पाण्याचा एक नियम केला. पर्जन्यमापक बसवायचा, रोज मोजायचं, आणि दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वर्षाचा आकडा वाचायचा. चारशे मिलिमीटरच्या खाली पडला, तर गावात फक्त ज्वारी आणि हरभरा. चारशेच्या वर पडला, तरच कांदा. नियम मोडील त्याच्या मोटारीची वायर गाव कापणार. दोघांची कापलीही होती.

मोजायचं काम आबांकडे आलं ते उगीच नाही. बत्तीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं होतं. एक पत्र कधी चुकीच्या दारात टाकलं नाही, आणि ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत. रोज आंघोळ करून, टोपी घालून शाळेमागच्या मापकाजवळ जायचं, बाटलीतलं पाणी मापाच्या काचेत ओतायचं, काच डोळ्यासमोर धरायची आणि आकडा घेऊन पारावर यायचं. कुणी म्हणालं, "काय आबा, धा-बारा झाला आसंल न्हाई?" तर आबा म्हणत, "धा-बारा तुज्या घरी. अकरा पॉइंट चार." मापकाच्या कुंपणावर त्यांनीच रंगवलेली पाटी होती: मापाच्या काचेला कोणीही हात लावू नये. हुकमावरून. हुकूम कुणाचा, हे गावानं कधी विचारलं नाही.

तर ही काच आबांच्याच हातून फुटली.

पोळ्याचा आदला दिवस होता. बैलांच्या शिंगांना लावायचा रंग घट्ट झाला होता आणि त्यात पातळ करायचं औषध किती घालावं यावरून घरात वाद चालला होता. भागिरथी, म्हणजे आबांची बायको, म्हणाली, "घाला की अंदाजानं." अंदाज हा शब्द आबांना शिवीसारखा लागायचा. ते उठले, शाळेमागं गेले आणि काच घरी घेऊन आले. औषध मोजून घातलं, शिंगं झकास रंगली, आणि काच धुताना हातातून सटकून फरशीवर पडली. वरचा भाग चक्काचूर. जाड बूड तेवढं शाबूत राहिलं, पाचाच्या रेघेपर्यंतचं.

ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं असतं तर दुसरी काच आली असती. पण सांगायचं काय? हुकमाची काच बैलाच्या शिंगापायी फुटली? सरपंच राजेश्वरीताई, वयानं त्यांच्या मुलीएवढी, तोंडावर हसली नसती. बाकीचं गाव वर्षभर हसलं असतं. आबांनी बूड फडक्यात गुंडाळून पेटीत घातलं आणि पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नगर गाठलं.

तिथं शाळा-कॉलेजांना सामान पुरवणारं एक दुकान सापडलं. दुकानदारानं विचारलं, "आबा, तुमच्या मापकाच्या नरसाळ्याचं तोंड केवढं?"

पंधरा वर्षं रोज हात लावलेल्या नरसाळ्याचं तोंड केवढं, हे आबांना ठाऊक नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं, की बघून सांगतो. पण बत्तीस वर्षं पत्र न चुकलेल्या माणसाला ते कुठलं म्हणवतंय? ते म्हणाले, "नेहमीचंच हाय."

दुकानदारानं नेहमीची काच दिली. दिसायला हुबेहूब तीच.

पोळ्यापर्यंत वर्षाचा पाऊस एकशे एकोणपन्नास पॉइंट सहा झाला होता. त्यानंतर मात्र फळा बहरला. एका दिवशी चाळीस, एका दिवशी छत्तीस, उत्तरा नक्षत्रात तर एकदम चौऱ्याहत्तर पॉइंट दोन. आबा आकड्याखाली दोन रेघा ओढायचे. पारावर बसलेली माणसं टाळ्या वाजवायची, जणू पाऊस आबांनीच पाडला.

बांध मात्र काही भरेनात. नाला वाहिला, पण ढोपरभर. कुणीतरी विचारलं, तर आबांनीच सांगितलं, "आपुन चर खनले ते कशापायी? पानी वाहत न्हाई आता, मुरतंय." ही गोष्ट गावाला फार आवडली. नाला जेवढा कोरडा दिसेल तेवढी छाती पुढं.

एकटी दगडाबाई बोलली. ही आबांच्या शेजारची विधवा, मुलगा अजिनाथ आणि सून आरती यांच्याबरोबर राहणारी. दरसाल तिघंही कोयत्यावर जायची, कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला. दगडाबाईच्या अंगणात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता, वरचं झाकण कापलेला. पावसात तो भरायचा आणि ती बोटं आडवी धरून पाणी मोजायची. तिच्या आईची सवय होती, तिला लागलेली. चौऱ्याहत्तरच्या त्या सकाळी ती फळ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, मपल्या डब्यात तर दोनच बोटं हाय."

आबांनी खडू खाली ठेवला. पारावर पंधरावीस माणसं होती आणि आबांना माणसं असली की जास्त सुचायचं. "दगडाबाई," ते म्हणाले, "तुजा डबा हवामान खात्याचा हाय का शेंगदाना तेलाचा?"

पार हसून लोळला. दगडाबाईही हसली, तोंडाला पदर लावून. दुसऱ्या दिवशी आबांनी पाहिलं तर डबा गोठ्यामागं आडवा पडला होता. चार दिवसांनी त्यात कोंबडी बसायला लागली.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभेत आबांनी आकडा वाचला. चारशे दोन पॉइंट चार. पुन्हा एकदा, सावकाश वाचला. सात वर्षांनी कांदा आला होता. राजेश्वरीताईंनी ठराव लिहिला, लोकांनी पेढे वाटले. सभा उठताना अजिनाथ जवळ आला. "आबा, तुमी सांगा. कोयत्यावर जाऊ का ऱ्हाऊ?"

"चारशे दोन हाय," आबा म्हणाले, "ऱ्हा."

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघर हत्यारांची पूजा असते. कुणी विळा-कुदळ पुजतो, कुणी ट्रॅक्टर. आबा मापक पुजायचे. यंदा आकडा चांगला, म्हणून पूजाही दांडगी. नरसाळ्याची पितळी कडा त्यांनी चिंचेनं घासली, पंधरा वर्षांचा काळा थर निघाला, आणि त्याखाली तोंडाच्या मापाचा कोरलेला आकडा दिसला. २००. छान, असं आबा मनात म्हणाले. मग काच उलटी करून बूड पुसलं. तिथं १०० होतं.

त्यांनी दोन्हींना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पण घरी आले ते सरळ पेटीकडं. फडक्यातलं जुनं बूड काढलं. त्यावर २०० होतं. त्यांनी दार लोटून घेतलं, जुन्या बुडात पाचाच्या रेघेपर्यंत पाणी घेतलं आणि नव्या काचेत ओतलं.

पाणी दहाच्या रेघेवर जाऊन थांबलं.

आबांनी परत ओतलं. परत दहा. मोठ्या तोंडाचं नरसाळं आणि छोट्या नरसाळ्याची काच. पोळ्यापासून फळ्यावरचा प्रत्येक थेंब दुप्पट होता. त्यांनी कागद घेतला आणि हिशेब केला. चारशे दोन नव्हतेच. दोनशे शहात्तर होते. ज्वारी-हरभऱ्याचं वर्ष.

त्याक्षणी जाऊन सांगायला काहीच अडचण नव्हती, हे नीट समजून घ्या. कांद्याचं बी नुकतं वाफ्यात पडलं होतं. हरभरा पेरायला वेळ होता. ऊसतोडीचा ट्रक दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी निघणार होता. चूक फक्त काचेची होती, आणि ती गावानं आठ दिवस हसून सोडून दिली असती.

आबा निघालेही. पहिल्यांदा शेजारीच जावं म्हणून दगडाबाईकडं गेले. आरती भिंतीला पांढरी माती मारत होती. कोपरापर्यंत हात पांढरे, कपाळावरही एक फराटा. आबांना बघून तिनं पाट टाकला. "लगीन झाल्यापासनं पयल्यांदा दिवाळी घरी हाय आबा," ती म्हणाली. "दरसाल उसाच्या फडात. पाचटाच्या खोपीला काय मारायची पांढरी? तुमच्यामुळं झालं बघा." आणि हात मातीचे म्हणून तिनं कोपरं जोडून नमस्कार केला.

आबांनी चहा घेतला. चहा झाल्यावर सांगू म्हणाले मनात. मग म्हणाले, दसऱ्याचं सोनं देताना सांगू. सोनं दिलं, घेतलं, आणि तोंडातून निघालं ते "सोन्यासारखं ऱ्हावा" एवढंच. तिसऱ्या दिवशी पारापाशी ट्रक येऊन उभा राहिला. चार घरं चढली. मुकादमानं अजिनाथला हाक मारली, "चल की गड्या, जागा हाय!" अजिनाथ हसून म्हणाला, "औंदा न्हाई. औंदा आमी बागायतदार." आबा फळ्याशेजारी उभे होते. ट्रक वळून दिसेनासा झाला तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं. आता सांगून उपयोग नाही, असं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय हे ध्यानात आलं, तशी त्यांना स्वतःची किळस आली. चूक केल्याची लाज एका जागी असते हो. ही दुसरी लाज अंगभर पसरली.

भागिरथीनं विचारलं, "जेवत का न्हाई तुमी?" आबा म्हणाले, पित्त झालंय. पित्ताचं काय, ते लाजेसारखंच तोंडापर्यंत येतं आणि परत जातं.

डिसेंबरात कांदा लागला. रानं हिरवीगार झाली आणि विहिरी सरसर उतरायला लागल्या. जानेवारीत मोटारी तासावर आल्या, मग अर्ध्या तासावर. फेब्रुवारीत कांदा सुपारीएवढा असताना पाणी संपलं. गावाच्या पिण्याच्या विहिरीतही तळ दिसला. हिरवी पात पिवळी पडली, आणि गावात कुजबूज सुरू झाली. चारशे दोन पडलेलं पाणी गेलं कुठं?

गेलं म्हणजे कुणीतरी नेलं. आकडा तर चुकणार नाही. मग चुकलं कोण? गावाच्या विहिरीला लागून रान अजिनाथचं. बोअर त्याचाच जवळ. त्याची पात इतरांपेक्षा चार दिवस उशिरा पिवळी पडली, हा पुरावा. ज्यांच्या बांधाला बांध लागत नव्हता तेही म्हणू लागले, की कधी नव्हे ते कांदा लावला, हावरटपणा झाला, लपूनछपून उपसलं असणार. पाण्यावर आरती गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. आबा हे सगळं रोज दारातून बघत होते.

राजेश्वरीताईंनी खास ग्रामसभा बोलावली. सकाळचे दहा वाजले होते, पार माणसांनी भरलेला. फळा आबांच्या पाठीशीच होता आणि त्यावर अजून वर्षाचा आकडा ठळक होता. दसऱ्यापासून तो पुसायला त्यांचा हात धजला नव्हता. कल्याण नावाचा एक गडी उभा राहिला. त्याचा दोन एकर कांदा जळाला होता, आवाज चढलेला होता. "मी म्हनतो, अजिनाथची वायर कापा. नियम सगळ्यांला एक. चारशे दोन पडलं हाय, हे फळ्यावर हाय. पानी काय उडून गेलं?"

अजिनाथ उठला. "मारुतीची आन घेतो. अर्ध्या तासाच्या वर मोटार चालवली न्हाई."

"मंग पानी कुटं गेलं?"

अजिनाथ फळ्याकडं बघायला लागला आणि मग आबांकडं. "आबा," तो म्हणाला, "तुमी सांगा यांना. तुमाला सगळं ठाव आसतं. मी आसा हाय का?"

आरती बायकांत बसली होती, मान खाली घालून. आबा उठले. त्यांनी एका हातानं फळ्याची चौकट धरली. खिशातून फडकं काढलं. खंडेनवमीपासून ते रोज खिशात घालून फिरत होते आणि रोज परत घरी नेत होते. नवी काच दुसऱ्या खिशात होती.

"ताई, पानी द्या वाईच," ते म्हणाले.

राजेश्वरीताईंनी तांब्या पुढं केला. आबांनी जुन्या बुडात पाचापर्यंत पाणी घेतलं, माणसांना दाखवलं, आणि नव्या काचेत ओतलं. पुढच्या रांगेतल्या कल्याणला म्हणाले, "वाच."

"धा," कल्याण म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं.

"तेच पानी. जुन्यात पाच, नव्यात धा." आबा म्हणाले. "जुनी काच पोळ्याला मपल्या हातनं फुटली. शिंगं रंगवताना. मी लपवलं. नवी आनली ती चुकीची. पोळ्यापासनं समदं दुप्पट लिवलं मी. चारशे न्हाई पडला. दोनशे शहात्तर पडला. पानी कुनी न्हाई नेलं. पानी नव्हतंच."

मागची माणसं काच बघायला उभी राहिली.

"आन हे मला आज न्हाई कळलं," आबा म्हणाले. एवढं सांगून थांबता आलं असतं. खरं तर कुणी विचारलंही नव्हतं. पण तेवढी अक्कल त्यांना आली होती, की अर्धं सांगणं हीसुद्धा चुकीची काचच. "खंडेनवमीला कळलं. ट्रक उभा हुता तवा मला ठाव हुतं. आरती भिंतीला पांढरी मारत हुती तवा ठाव हुतं. मला लाज वाटली म्हनून बोललो न्हाई."

मग आवाज उठला. कल्याण खाली बसला आणि डोक्याला हात लावून पुन्हा उठला. कुणी म्हणालं, म्हातारा खुळा झाला. कुणी फार वाईट शिवी दिली. आबांना ती शिवी गोड लागली. ते मान खाली घालून आणखी शिव्यांची वाट बघत होते. कुणी उठून कानाखाली मारली असती तरी चाललं असतं. अजिनाथनं टोपी काढली, झटकली, आणि परत घातली.

तेवढ्यात बायकांतून दगडाबाई उठली. माणसं तिला वाट द्यायला सरकली. बोलेल ती, बोलण्याचा हक्क तिचाच, असं सगळ्यांनाच वाटलं. ती आबांच्या समोर येऊन उभी राहिली. पदर सावरला. तिच्या तोंडावर राग नव्हता. काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारायला ती संकोचत होती, हे आबांना दिसलं.

"आबा," ती हळू म्हणाली, "मंग मपला डबा खरा हुता का?"

आबांना मान वर करवेना. शिव्या सोसल्या, पण हे सोसेना. या बाईनं पावसात स्वतःच्या बोटांनी मोजलेलं पाणी, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं पाणी, त्यांच्या एका विनोदापायी खोटं मानून गोठ्यामागं टाकून दिलं होतं. आणि इतके महिने तिला वाटत राहिलं होतं, की आपल्यालाच मोजता येत नाही.

"व्हय," ते म्हणाले. "खरा हुता."

"दोन बोटंच हुती ना?"

"दोनच हुती, दगडाबाई."

दगडाबाईनं मान हलवली. मग ती माघारी वळली आणि आरतीशेजारी जाऊन बसली. आबांनी फडकं उचललं, फळ्याकडं वळून चारशे दोन पुसलं आणि खडूसाठी खिसा चाचपला. खडू तिथंच होता. पण सगळं गाव पाठीमागं बसलेलं असताना त्यांचा हात वर होईना, तेव्हा त्यांनी खडू राजेश्वरीताईंच्या हातात दिला आणि पाराच्या पायऱ्या उतरून, सगळ्यांच्या पायताणांशेजारी, खाली मातीत जाऊन बसले.